हरकत घ्याच, पण पोच हातात पडल्याशिवाय खिडकी सोडू नका

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि आमच्या घरातलं ते वर्ष आठवलं. बाहेरच्या परीक्षेत 'सर्वांत जास्त कक्षीय वेग (म्हणजे सूर्याभोवती फिरण्याचा वेग) कोणत्या ग्रहाचा' याला मुलीने बुध लिहिलं, उत्तरसूचीत गुरू आलंय, आणि क्लासचे सर म्हणतात की गुरू सर्वांत जड, त्यामुळे सूर्याची ओढ त्याच्यावर सर्वांत जास्त, म्हणून वेगही जास्त. तुमची मुलगी बरोबर आहे. हरकत घ्याच.

आमच्या मुलाच्या पेपरात प्रश्न वेगळा होता, गोंधळ हाच. 'पृथ्वीच्या जागी दुप्पट वस्तुमानाचा ग्रह असता तर त्याचा कक्षीय वेग किती असता?' त्याने 'तेवढाच' हा पर्याय निवडला. सूचीत होतं √२ पट. म्हणजे सूत्रात सूर्याचं वस्तुमान घालायचं तिथे सूची करणाऱ्याने ग्रहाचं घातलं होतं.

केप्लरचे नियम, न्यूटन वगैरे सोडतो. दहावीच्या पुस्तकात पहिलंच प्रकरण गुरुत्वाकर्षणाचं आहे, मुलीला ते येतच असणार. अडतं ते वस्तुमानापाशी. सरांच्या बोलण्यातला पहिला भाग खरा आहे, म्हणून ते ऐकणाऱ्याला पटतं. गुरूचं वस्तुमान पृथ्वीच्या ३१८ पट. एकाच अंतरावर दोघांना ठेवलं तर सूर्य गुरूला ३१८ पट जोराने ओढेल. पण ग्रह सरळ निघालेला असतो, आणि त्याला सतत आत वळवत ठेवायला जोर लागतो. ३१८ पट वस्तुमान वळवायला जोरही ३१८ पटच लागणार. दोन्हीकडचं ग्रहाचं वस्तुमान उडालं. उरलं सूर्याचं वस्तुमान आणि सूर्यापासूनचं अंतर. वेगाचा वर्ग म्हणजे गुरुत्व स्थिरांक गुणिले सूर्याचं वस्तुमान, भागिले अंतर. अंतर चौपट झालं की वेग निम्मा.

एखादे काटेकोर गृहस्थ म्हणतील की सूत्रात खरं तर सूर्य आणि ग्रह दोघांच्या वस्तुमानांची बेरीज येते. येते. पण सूर्य पृथ्वीच्या सुमारे ३,३३,००० पट जड आहे. पृथ्वी दुप्पट जड केली तर सेकंदाला जवळपास ३० किमीच्या वेगात फरक पडेल साडेचार सेंटिमीटरचा. √२ पट कुठे आणि हे कुठे!

सूत्रावर वाद घालणारे आकड्यांवर फारसा घालत नाहीत, म्हणून अर्जात आकडे असू द्या. सेकंदाला किलोमीटरमध्ये सरासरी वेग: बुध ४७.४, शुक्र ३५, पृथ्वी २९.८, मंगळ २४.१, गुरू १३.१, शनी ९.७, युरेनस ६.८, नेपच्यून ५.४. यातले शुक्र आणि मंगळ ठळक करा. दोघेही पृथ्वीपेक्षा हलके. शुक्र पृथ्वीपेक्षा जोरात जातो, मंगळ सावकाश. वेग ग्रहाच्या वस्तुमानावर ठरत असता तर असं झालंच नसतं. माझ्या मते तुमच्या अर्जातला सर्वांत भक्कम मुद्दा हाच.

'लांबचा पल्ला म्हणून वेळ जास्त लागतो, वेगाचा काय संबंध' असंही कोणी म्हणेल. त्याला साडेसाती सांगा. ज्योतिष मी मानत नाही, पण त्यातला हा हिशेब चोख आहे. गुरू एका राशीत साधारण वर्षभर असतो, शनी अडीच वर्षं, आणि तीन राशींची मिळून साडेसाती. शनी सूर्यापासून गुरूच्या १.८४ पट दूर, म्हणजे त्याची वाट १.८४ पट लांब. फरक फक्त वाटेचा असता तर शनीने राशीला दोन वर्षंसुद्धा घेतली नसती. पण त्याचा वेगही गुरूपेक्षा सुमारे १.३५ पटीने कमी आहे. दोन्ही आकडे गुणून बघा, अडीचच्या जवळ येता.

आता ज्याने आमचं खरं नुकसान केलं ते सांगतो. त्या कार्यालयाचं नाव घेत नाही. अर्ज घेऊन मुदतीत गेलो होतो. सूत्र लिहिलेलं, पुस्तकाच्या पानाची झेरॉक्स जोडलेली. खिडकीवर म्हणाले, मुख्याध्यापकांची सही हवी. सही आणली तर शाळेचा शिक्का हवा. शिक्का मारून आणला तर 'साहेब दौऱ्यावर आहेत, ठेवून जा'. पोच मागितली तर 'आवक-जावकचे जेवायला गेलेत, तुमचा अर्ज कुठे जात नाही'. अर्ज माझ्यासमोर टेबलावरच्या गठ्ठ्यात गेला, वर पेपरवेट ठेवला गेला. पुढे चौकशीला गेलो तर मुदतीत आलेल्या हरकतींत आमची नव्हतीच. निदान एखाद्या जाणकाराला दाखवा म्हटलं, तर उत्तर मिळालं, 'सूची जाणकारांनीच केलीय.' अहो, ज्याची चूक दाखवतोय त्यालाच साक्षीला उभं करायचं? एका गुणाने पोराचं यादीतलं नाव गेलं.

यादीचं दुःख ओसरलं. पण पुढच्या चाचणीत तसाच प्रश्न आला आणि त्याने √२ पटवर खूण केली. बरोबर उत्तर त्याला पक्कं माहीत होतं. 'सूचीत तेच असतं ना, बाबा,' म्हणाला. माझा त्या कार्यालयावरचा राग आजही जात नाही तो यासाठी. चूक झाली, किंवा झाली नाही आणि का नाही, एवढी एक ओळ लेखी द्यायची होती. शाळकरी मुलाचा तेवढा हक्क नक्कीच होता.

त्याला पुन्हा सूत्रावर आणलं ते गुरूनेच. ओळखीतल्या एकांची छोटी दुर्बीण गच्चीवर लावली. गुरूच्या दोन बाजूंना एका रेषेत चार ठिपके दिसतात, ते त्याचे मोठे चंद्र; दुसऱ्या रात्री बघावं तर जागा बदललेल्या. शहरातल्या उजेडातही दिसतात, सोलापूरबाहेर हिप्परग्याकडे वगैरे जायची गरज नाही, फक्त पावसाळा संपू द्या. त्यातला सर्वांत आतला आयो. तो गुरूपासून सुमारे ४,२२,००० किमीवर, आणि आपला चंद्र पृथ्वीपासून सुमारे ३,८४,००० किमीवर. अंतरं जवळपास सारखीच. आपल्या चंद्राला एका फेरीला २७.३ दिवस लागतात, आयोला पावणेदोन. चंद्राचा वेग सेकंदाला १ किमी, आयोचा १७. गुरूचं वस्तुमान कामाला येतं ते इथे, त्याच्याभोवती फिरणाऱ्यांसाठी. मुलीला ३१८ चं वर्गमूळ काढायला लावा, १७ चा आकडा कुठून आला ते तिचं तिला दिसेल.

तुमच्या प्रश्नात नाही, तरी एक सांगतो. आपल्याकडे मे महिन्यात अंगाची लाही होते तेव्हा पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते असं पुष्कळांना वाटतं. ती सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, इकडे सोलापुरात संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेची तयारी चाललेली असते तेव्हा: १४.७१ कोटी किमी, वेग सेकंदाला ३०.३ किमी. जुलैच्या सुरुवातीला, वारीच्या आगेमागे, ती सर्वांत दूर असते: १५.२१ कोटी किमी, वेग २९.३. भिंतीवरच्या कॅलेंडरवर २० मार्च ते २२ सप्टेंबर दिवस मोजा, १८६ भरतात. तिथून पुढच्या २० मार्चपर्यंत १७९. दोन्हीकडे अर्धीच फेरी, पण हिवाळ्याकडची अर्धी पृथ्वी लवकर उरकते.

मी शिक्षक नाही आणि प्रत्येक परीक्षेचे हरकतीचे नियम वेगळे असतात, म्हणून परिपत्रक आधी नीट वाचा. सही, शिक्का, प्रश्नामागे शुल्क असेल तर ते, सगळं पहिल्याच फेरीत बरोबर न्या. अर्ज एका पानाचा ठेवा. दुसऱ्या प्रतीवर तारीख, शिक्का आणि आवक क्रमांक पडेपर्यंत तिथून हलू नका, कोणी जेवायला गेलं असेल तर बाकावर बसा. ऑनलाइन सोय असेल तर तीच बरी, स्क्रीनशॉट ठेवा. क्लासच्या सरांशी मात्र मुलीसमोर वाद घालू नका, शुक्र आणि मंगळाचे आकडे तिलाच त्यांच्यापुढे ठेवू द्या. मसुदा झाला की इथे टाका, मी वाचून सांगतो. मुदत कधी संपतेय ते तुम्ही लिहिलेलं नाही, ते आधी बघा.