समोर बॅटर उभा कर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी तुला न्यायला आलो तेव्हा पाच मिनिटं काचेबाहेरच उभा होतो. तू जाळीत बेसबॉल फेकत होतास आणि दर चेंडूनंतर मान वळवून गनवरचा वेगाचा आकडा बघत होतास, ताशी मैलांत. 84. 85. 84. समोर ना बॅटर, ना चेंडू झेलणारा कॅचर. रात्री आमच्याकडे जेवताना पाण्याचा तांब्या डाव्या हाताने उचललास. काकूच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं.

गाडीत म्हणालास, "काका, 90 नसेल तर कॉलेजवाले बघतसुद्धा नाहीत." नाही बघत, मान्य. मेजर लीगमध्ये, अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल लीगमध्ये, आज फास्टबॉलची सरासरीच 94 मैलांच्या आसपास आहे. पण आकडा आऊट होत नाही रे, बॅटर आऊट होतो. बॅटरकडे बघ.

27 ऑक्टोबर 2025 ची रात्र आठव. वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेचा, तिसरा सामना, बारावी इनिंग, तिन्ही बेस भरलेले, दोन आऊट. आणि बुलपेनमधून, राखीव पिचर जिथे हात गरम करतात तिथून, डॉजर्सचा पिचर कर्शॉ आला. वय 37, निवृत्ती जाहीर करून बसलेला, फास्टबॉल जेमतेम 89. समोरचा बॅटर नेथन ल्यूक्सने फुल काउंटपर्यंत ताणलं, तीन बॉल, दोन स्ट्राइक. मग सेकंड बेसकडे एक मरतुकडा ग्राउंडर, जमिनीवरून घरंगळणारा फटका, तिसरा आऊट आणि इनिंग खलास. त्या रात्री तो एवढ्या एकाच बॅटरसाठी आला होता. तू सोफ्यावर उड्या मारत होतास, मी डोळे पुसत होतो. त्याच्या तीन हजारांवर स्ट्राइकआउट्सपेक्षा, तीन स्ट्राइकवर बाद केलेल्या बॅटर्सपेक्षा, मला तो एक ग्राउंडर जास्त प्रिय आहे.

तुला राग येईल, पण "टॉमी जॉन ऑपरेशन केलं की वेग वाढतो" हे तू बोललास तेव्हा गाडी बाजूला घ्यावीशी वाटली. कोण होता टॉमी जॉन, माहीत आहे? 1974 मध्ये डॉक्टर जोबनी त्याच्या उजव्या हाताचा स्नायुबंध काढून डाव्या कोपरात बसवला. त्यानंतर त्याने 164 सामने जिंकले, 1989 पर्यंत खेळला. आणि तो वेगवाला पिचर नव्हताच, सिंकरवाला होता, बॅटरजवळ येता येता खाली बुडणाऱ्या चेंडूवाला. बॅटरला चेंडू जमिनीवर मारायला लावायचा. पुन्हा तेच: बॅटर!

मी मुंबईच्या कांगा लीगमध्ये, पावसाळी क्रिकेटमध्ये, जोरात टाकायचो. एकोणिसाव्या वर्षी खांदा गेला. दुखतंय हे दोन महिने कुणाला सांगितलं नव्हतं. सहा महिन्यांनी हात फिरू लागला, जोर मात्र आला नाही, आणि मी किट माळ्यावर टाकलं. पावसाळी विकेटवर नुसती सीम सरळ ठेवली असती तरी फलंदाज चाचपडले असते. घरचे अजून म्हणतात, मी लवकर हार मानली. हार नव्हती ती. वेगापलीकडची गोलंदाजी आमच्या प्रशिक्षकांनी कधी दाखवलीच नाही. पण मीही कधी विचारलं नाही, हे माझं मला अजून टोचतं. म्हणून तुझ्या मागे लागलोय, लागणारच.

तुझ्या कोपराच्या दुखण्याचं आईला मी सांगणार नाही. तू सांग, शुक्रवारच्या आत. डॉक्टर हो म्हणेपर्यंत चेंडूला हात लावायचा नाही. मग एखाद्या रविवारी सकाळी मैदानावर ये, ती वेग मोजणारी गन न घेता. मी हेल्मेट घालून बॅट घेऊन उभा राहतो. मला आऊट कर.

तुझा,
काका