डेट्रॉइटचं गावकूस

प्रिय सई,

'गावकुसाबाहेर' म्हणजे नेमकं काय, आणि अमेरिकेत तसलं काही फक्त दक्षिणेतच होतं ना, असं तू विचारलंस. दक्षिणेतच होतं, हे खरं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गावकूस म्हणजे गावाभोवतीची भिंत. महारवाडा, मांगवाडा त्या भिंतीच्या बाहेर. वस्ती वेगळी, पाणवठा वेगळा, देवळात प्रवेश नाही. आपल्याकडे हे रूढीनं चालायचं, पाटी लावायची गरजच पडत नसे. महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव 1924 मध्येच केला होता. तरी 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकरांना हजारो लोकांसह तिथं जाऊन ओंजळभर पाणी प्यावं लागलं, आणि त्यानंतर लोकांना मारहाण झाली. कागद खुला, तळं बंद. हे लक्षात ठेव, कारण अमेरिकेची उत्तर बाजू समजायला ते उपयोगी पडेल.

दक्षिणेत कागदही बंदच होता. लुइझियानानं 1890 मध्ये रेल्वेत गोऱ्यांचे आणि काळ्यांचे डबे कायद्यानं वेगळे केले. कायद्याच्या लेखी काळा ठरलेला होमर प्लेसी 1892 मध्ये मुद्दाम गोऱ्यांच्या डब्यात बसला, आणि 1896 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 'वेगळे पण समान' म्हणत तो कायदा उचलून धरला. मग शाळा, नळ, दवाखाने, सगळीकडे पाट्या आल्या. पण चार्ल्सटनसारख्या जुन्या शहरांत काळी कुटुंबं गोऱ्यांच्या वाड्यांमागच्या गल्ल्यांतच राहायची. स्वयंपाक त्यांनी करायचा, मुलं त्यांनी सांभाळायची, पंगतीला मात्र बसायचं नाही. तिथं प्रश्न अंतराचा नव्हता, पायरीचा होता.

उत्तरेत उलटं. मॅसॅच्युसेट्सनं शाळांतला भेद 1855 मध्येच कायद्यानं बंद केला होता. पण 1910 ते 1970 या काळात सुमारे 60 लाख काळे लोक दक्षिण सोडून निघाले आणि त्यातले बहुतेक उत्तरेकडच्या शहरांत आले, तेव्हा वस्त्यांच्या सीमा आवळल्या गेल्या. शिकागोत 27 जुलै 1919 ला मिशिगन सरोवरात 17 वर्षांचा काळा मुलगा यूजीन विल्यम्स गोऱ्यांच्या बाजूला तरंगत गेला. त्या सीमेची पाटी कुठंच नव्हती. दगडफेक झाली, तो बुडाला, आणि पुढच्या दंगलीत 38 माणसं मेली.

नगरपालिकांनी वंशावरून वस्त्या आखून देणं 1917 मध्ये न्यायालयानं रद्द केलं. मग तीच अट खरेदीखतात गेली: हे घर अमुक वंशाच्या माणसाला विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, घरगडी म्हणून राहिला तर चालेल. ही शेवटची सवलत वाचून मला फार राग येतो. त्यात 1930 च्या दशकात सरकारी नकाशे आले. हिरवा, निळा, पिवळा, लाल अशा चार रंगांत मोहल्ले रंगवले, आणि काळ्यांची वस्ती जवळपास हमखास लाल, म्हणजे कर्जाला धोक्याची. डेट्रॉइटमध्ये 1941 साली एका बिल्डरनं काळ्यांच्या वस्तीच्या कडेनं सुमारे अर्धा मैल लांब, 6 फूट उंच भिंत बांधली, तेव्हा कुठं त्याच्या गोऱ्या गिऱ्हाइकांच्या कर्जांना सरकारी हमी मिळाली. ती भिंत आजही उभी आहे. सई, हे शब्दशः गावकूसच.

पश्चिमेची तऱ्हा तिसरी. ओरेगॉनच्या 1857 च्या राज्यघटनेनं काळ्यांना राज्यात यायलाच मनाई केली, आणि ते कलम 1926 पर्यंत घटनेत राहिलं. कॅलिफोर्नियात मेक्सिकन मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या. ऑरेंज काउंटीतल्या पालकांनी ती लढाई 1947 मध्ये जिंकली.

आपल्या इथल्या गल्लीतल्या घरांवर अशी अट होती का, ते तू स्वतः शोधू शकतेस. काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, दस्तनोंदणी कार्यालयात जा. नुसता पत्ता सांगून काम होणार नाही, कारण जुनी दप्तरं नावांवरून लावलेली असतात. आपल्या खरेदीखतातल्या मिळकतीच्या वर्णनात प्लॉट नंबर आणि लेआउटचं नाव आहे, ते लिहून घे. आताच्या खतात 'नोंदलेल्या अटींना अधीन' एवढंच असतं, आणि लोक तिथंच थांबतात. अट असते ती लेआउट पहिल्यांदा पडला तेव्हाच्या दस्तात, म्हणून साधारण 1910 ते 1950 मधले दस्त माग. सापडली तरी घाबरू नकोस: 1948 पासून न्यायालयं ती अंमलात आणू शकत नाहीत, आणि 1968 च्या कायद्यानं असा भेद बेकायदाच ठरवला. नाही सापडली, तर मोहल्ला खुला होता असं मात्र लगेच धरू नकोस. आधी लाल-हिरवा नकाशा बघ, मग त्या काळच्या जनगणनेच्या याद्या. त्यात प्रत्येक माणसापुढे वंश लिहिलेला असतो. 1950 पर्यंतच्या याद्या खुल्या आहेत.

वही आणि पेन्सिल ने.

तुझी,
आई