गाडी पॉलिश करायला रोटरी बफर (पॅड गोल फिरवणारं मशीन) घ्यायचाय, पण सगळे म्हणतात पेंट जळतो. किती वॅटचा घेऊ?

तुमच्या प्रश्नातलं ते "पेंट जळतो" वाचलं म्हणून लिहायला बसलो, नाहीतर वॅटच्या प्रश्नांच्या वाटेला मी जात नाही. रोटरीने पेंट जळतो, हो जळतो, पण ज्याला मशीनवरची स्पीडची डायल कशासाठी दिलीय हेच माहीत नाही अशाच्या हातात जळतो. आणि वॅट बघून बफर घेऊच नका. आधी हे बघा की डायल सगळ्यात खाली ठेवली की मशीन किती आरपीएमला, म्हणजे मिनिटाला किती फेऱ्यांनी, फिरतं. ६००-७०० ला सुरू होत असेल तर पुढचं बोलू. डब्यावर मोठ्या अक्षरात ३००० लिहिलेलं असतं त्याला भुलू नका, पॉलिशिंगचं जवळजवळ सगळं काम १००० ते १८०० मध्ये होतं, मी तरी त्याच्या वर जात नाही.

आता एवढ्या तावातावाने का सांगतोय, तर आमचे दाजी.

दाजींनी माझं रोटरी एका रविवारी मागून नेलं. देताना मी सांगितलं की कडांना टेप मारा, डायल दोनच्या वर नेऊ नका, पॅड सपाट ठेवा. दाजी "हो रे, कळतं मला" म्हणाले. दाजींना जगातलं कुठलंच मशीन नवीन नसतं. संध्याकाळी फोन, "तुझ्या मशीनने माझी गाडी घालवली." गेलो बघायला. लाल गाडी, उजव्या फेंडरची वरची कड, बॉनेट जिथे येऊन टेकतं ना बरोबर तिथे, बोटभर पट्टा पांढरट मॅट पडलेला आणि त्याच्या मधोमध एक राखाडी रेघ. म्हणजे क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) गेला, रंगही गेला आणि खालचा प्रायमर वर आला. टेपचा कुठे पत्ता नाही. मी गाडी सोडून आधी मशीन उचललं. डायल पाचवर, ट्रिगरचा लॉक दाबलेला, पॅडवर कंपाउंड (खरखरीत पॉलिश) वाळून त्याचे खडे झालेले, फोम एकाच बाजूने खाल्लेला आणि तेवढीच बाजू लाल. ज्या गाडीला वरून क्लिअर कोट असतो तिचा रंग पॅडवर यायलाच नको, आला की समजायचं क्लिअर संपला (जुन्या सिंगल स्टेज, म्हणजे वर क्लिअर नसलेल्या पेंटचा येतो, ते नॉर्मल आहे, पण दाजींची गाडी तशी नाही). आणि फोम एका बाजूने खाल्लेला म्हणजे पॅड तिरका धरला होता, सगळा दाब कडेच्या पट्टीवर. एवढं सगळं समोर असताना दाजी काय म्हणतात, "स्पीड आपोआप वाढतो याचा."

नाही वाढत! माझ्या मशीनला कॉन्स्टंट स्पीड आहे, दाबलं तरी आणि उचललं तरी डायलवर लावलाय तेवढाच आरपीएम राहतो. हां, ज्या मशीनला हे नसतं त्यात खरंच तसं होतं, दाबलं की मरगळतं म्हणून माणूस डायल वाढवतो आणि हात जरा हलका झाला की मशीन सुसाट सुटतं. त्यामुळे तुम्ही घेताना दोन गोष्टी सोडू नका, कॉन्स्टंट स्पीड आणि सॉफ्ट स्टार्ट. सॉफ्ट स्टार्ट नसेल तर ट्रिगर दाबल्यादाबल्या मशीन हातात झटका देतं आणि पॅडवरचं सगळं पॉलिश तुमच्या शर्टावर.

क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो, केसापेक्षाही पातळ. त्यातच ऊन अडवणारे यूव्ही ॲब्झॉर्बर असतात, म्हणून "थोडासा घासला तर काय होतं" हेही चालत नाही. आणि कडेवर, बॉडी लाइनवर तो आणखी पातळ, वर तिथे पॅडचा टेकणारा भाग कमी म्हणजे तेवढ्याच जागी सगळी उष्णता. म्हणून कडेजवळ पॅड असा धरायचा की तो फिरताना कडेवरून बाहेर जाईल, कडेवर चढणार नाही. मशीन सतत हलतं ठेवायचं. बॉनेटवर तर दाबायचंच नाही, मशीनचं दोन-अडीच किलो वजन पुरतं. वजनावरून आठवलं, तीन किलोच्या वरचं घेऊ नका, बॉनेटवर काही वाटत नाही पण दार करताना हात भरून येतो आणि भरलेल्या हाताने पॅड तिरका होतोच.

त्यानंतर दाजींनी डीए (ड्युअल ॲक्शन पॉलिशर) घेतला आणि आता घरात चार माणसं जमली की रोटरी म्हणजे गाडीचा कर्दनकाळ, याच्या मशीनने माझा फेंडर खाल्ला, तेच सुरू. डीए वाईट नाही. त्याचा पॅड फिरतो आणि शिवाय ऑर्बिटमध्येही हलतो, त्यामुळे जास्त दाबलं की पॅड फिरायचाच थांबतो आणि धोका कमी होतो. पण सँडिंगच्या रेघा काढायच्यात किंवा क्लिअर कडक आहे तर रोटरी आणि वूल पॅड जे चटकन काढतं त्याला डीए बराच वेळ घेतो. दाजींच्या बॉनेटवर पक्ष्याच्या विष्ठेचा खोल डाग आहे, डीएने तासभर घासून जरासा फिका झाला. मी काही बोललो नाही.

रोटरीचा खरा दोष दाजींना माहीतच नाही, तो म्हणजे होलोग्राम. सावलीत गाडी आरशासारखी दिसते आणि उन्हात काढली की पॅडच्या वळणावळणाच्या रेघा. पॉलिशमधल्या तेलाने त्या झाकल्या जातात आणि दोन-चार वॉशनंतर वर येतात, म्हणून काम झालं की पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मग टॉर्च मारून बघायचं. शेवटचा हात मऊ फोम आणि कमी आरपीएमवर फिरवायचा, नाहीतर तो हात डीएने द्या, मीही देतो.

आणि हो, आधीच सांगायला हवं होतं, प्लॅस्टिकच्या बंपरवर रोटरी जपून. पत्र्यासारखी उष्णता तिथे पसरत नाही, जागच्या जागी साठते. पेंट मोजायचं गेजही बहुतेक फक्त धातूवरच चालतं, म्हणजे बंपरवर तुम्ही अंदाजानेच काम करणार. गाडी कुठे रिपेंट झाली असेल तर तो पॅनल आधी मोजा. आणि स्वतःची एकच गाडी, हलके स्वर्ल (बारीक गोल ओरखडे), एवढंच असेल तर खरं सांगतो, डीए घ्या. दाजींना सांगू नका फक्त. ग्राइंडरला पॅड लावून भागवायचा विचार असेल तर तो सोडाच, त्याचा आरपीएम ११०००च्या आसपास असतो.

वॅट विचारलं होतंत, १०००-१२०० पुरे. पॅड लावायची प्लेट ५ इंची घ्या आणि आरसे, पिलर, बंपरच्या बेचक्यांसाठी सोबत ३ इंची. दोन्हीचे आटे मशीनशी जुळवून घ्या, काहींना एम-१४ असतो काहींना ५/८ इंच, एकाची प्लेट दुसऱ्याला बसत नाही.