नाण्यावरचं साल आणि अक्षरं दुहेरी दिसतात. हा खरा डबल डाय आहे की ठसा झिजलाय?

तुम्ही लिहिलंय की सालाचे आकडे आणि काठाजवळची अक्षरं जाड, पसरल्यासारखी दिसतात, मधलं चित्र मात्र स्वच्छ आहे. एवढ्यावरून माझा कौल झिजलेल्या ठशाकडे जातो. ठसा म्हणजे नाणं छापायचा पोलादी साचा.

खरी दुहेरी प्रतिमा, म्हणजे डबल डाय, ठसा घडतानाच त्यात शिरते. उठावाचा मूळ नमुना, म्हणजे हब, ठशाच्या पोलादात दाबतात. जुन्या पद्धतीत एका दाबात पुरेशी खोली येत नसे, म्हणून ठसा तापवून मऊ करायचे आणि पुन्हा दाबायचे. या दुसऱ्या वेळी तो जरासा फिरून बसला, तर दोन्ही प्रतिमा ठशात कायमच्या राहतात आणि त्यातून पडणाऱ्या प्रत्येक नाण्यावर त्याच जागी, त्याच दिशेने उमटतात. अमेरिकेच्या १९५५ च्या एक सेंटवर हा दुहेरीपणा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. पण त्याच सालचा, झिजलेल्या ठशामुळे शेवटचा ५ दुहेरी दिसणारा सेंटही 'गरिबाचा डबल डाय' म्हणून विकला जातो. तो डबल डाय नाही.

दहापट भिंग घ्या, उजेड एका बाजूने तिरपा पडू द्या आणि नाणं हळूहळू फिरवत अक्षरांची टोकं बघा. खऱ्या डबल डायमध्ये दोन्ही प्रतिमांना गोलाई असते आणि अक्षराच्या कोपऱ्यात दुभंगल्यासारखी स्पष्ट खाच दिसते. छापताना सैल ठसा हलला असेल, तर अक्षराच्या कडेला चपटी, चकचकीत पायरी दिसते आणि अक्षराची स्वतःची रुंदी तेवढी कापली जाते. नवखे लोक सर्वात जास्त फसतात ते इथेच. झिजलेल्या ठशात यातलं काहीच नसतं. हजारो वेळा धातू काठाकडे सरकून ठशावर चर पडतात (नाण्यावर त्या काठाकडे जाणाऱ्या बारीक रेषा दिसतात), त्यामुळे अक्षरं काठाच्या बाजूने फुगतात, कडा विरघळल्यासारख्या होतात आणि मोकळा भाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत दिसतो.

झिजलेल्या ठशाचं नाणं कधीच मोलाचं नसतं, असं मात्र नाही. १९२२ साली अमेरिकेत सेंट फक्त डेन्व्हरच्या टाकसाळीत पडले, तरी काहींवर त्या टाकसाळीची खूण असलेलं डी हे अक्षर नाही. ठसे झिजून, घासले जाऊन ते गेलं. त्यातही मागची बाजू ठळक असलेल्या नाण्यालाच संग्राहक खरा भाव देतात, कारण ते कोणत्या ठशाचं हे नक्की सांगता येतं.

शक्य असेल तर त्याच सालची आणखी नाणी तपासा. दुहेरीपणा आणि सोबतची, ठसा तडकल्याने उमटलेली एखादी बारीक उठावदार भेग दुसऱ्या नाण्यावरही तंतोतंत त्याच जागी सापडली, तर मी माझं मत बदलेन. सालाचा तिरप्या उजेडातला जवळून काढलेला फोटो टाका. तोवर नाणं घासू नका. काठाकडे गेलेल्या बारीक रेषा त्याने पुसल्या जातात, आणि तुमच्या नाण्याचा निकाल त्यांच्यावरच लागणार आहे.