वाचकांचे प्रश्न : कुलूप उघडलं, पुढे काय?

मार्च २०२० मध्ये करोनामुळे पर्यटनाच्या गावांना कुलूप लागलं. २०२४ पर्यंत जगभरातल्या परदेशी पर्यटकांची संख्या साधारण १४० कोटींवर, म्हणजे जवळजवळ २०१९ च्या पातळीला आली. पण आकडा भरला म्हणून प्रत्येकाचा गल्ला भरला असं होत नाही. काहींनी आत्ता कुठे दार उघडलंय. त्यांच्या प्रश्नांतले चार निवडले आहेत.

आमचं २० खोल्यांचं लॉज दीर्घकाळ बंद होतं. रंगरंगोटी झाली आहे. सगळ्या खोल्या एकदम सुरू कराव्यात का?

नको. एकाच उभ्या पाइपलाइनवरच्या पाच-सहा खोल्या आधी उघडा. गिऱ्हाईक किती येईल हा त्यामागचा अर्धाच हिशेब, उरलेला अर्धा पाण्याचा आहे. रंग सगळे देतात, पाइपात साचलेलं पाणी मात्र कोणी पाहत नाही. २० ते ४५ अंश सेल्सिअसच्या साचलेल्या पाण्यात लिजिओनेला हा जिवाणू वाढतो. तो पोटात गेल्यानं सहसा काही होत नाही, पण शॉवरच्या बारीक तुषारांतून फुप्फुसात गेला तर गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून नळाच्या आधी शॉवरची काळजी घ्या.

आधी टाकी रिकामी करून गाळ खरवडून काढा. गाळ तसाच ठेवून क्लोरीन टाकलं तर ते गाळातच खर्ची पडतं. फिल्टर आणि सॉफ्टनर (जड पाणी मृदू करणारं यंत्र) बायपास करा, म्हणजे क्लोरीनचं पाणी त्यांतून जाऊ देऊ नका. शॉवरची तोंडं, नळांच्या जाळ्या काढून क्षार साफ करा. मग दर १,००० लिटर पाण्याला १५० ग्रॅम ब्लीचिंग पावडर (३३ टक्के क्लोरीनची, ताजी, जुन्या पुड्यातला जोर उडालेला असतो) बादलीत कालवा, निवळू द्या आणि वरचं पाणी टाकीत घाला. हे प्रमाण लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीनचं होतं. टाकीपासून जवळच्या नळापासून सुरुवात करून एकेक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा, बंद करा, तासभर थांबा आणि सगळं पाणी काढून टाका. या काळात इमारतीत कोणीही पाणी वापरता कामा नये. शॉवरच्या पाइपाचं टोक बादलीत बुडवून पाणी सोडा, म्हणजे तुषार उडणार नाहीत. तोंडाला मास्क, खिडक्या उघड्या. क्षार काढायला वापरलेलं आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आलं तर विषारी वायू निघतो, त्यामुळे मधे भरपूर पाण्यानं धुऊन घ्या. नंतर गिझरमधलं पाणी ६० अंशांवर ठेवा. न उघडलेल्या खोल्यांचे नळसुद्धा आठवड्यातून एकदा पाच मिनिटं सोडावे लागतात. मोजक्याच खोल्या उघडल्या तर त्या वापरात राहतात आणि त्यांच्या पाइपात पाणी साचत नाही.

खोलीत गटाराचा वास येत असेल तर प्लंबर बोलावण्याआधी मोरीच्या जाळीत लिटरभर पाणी ओता. ट्रॅपमधलं, म्हणजे गटाराचा वास अडवणाऱ्या मोरीखालच्या वाकड्या नळीतलं पाणी आटलेलं असतं. कमी वापराच्या मोरीत वरून चमचाभर खाद्यतेल सोडलं की पाणी सावकाश आटतं. गॅस गिझर असेल तर धुराड्याच्या नळीत पक्ष्याचं घरटं नाही ना, हे पाहिल्याशिवाय पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आमच्या छोट्या नाट्यगृहाच्या २०० खुर्च्या आहेत. प्रेक्षक अर्धेही येत नाहीत. प्रयोग लावावेत की थांबावं?

‘अर्धे’ हे माप इथे उपयोगाचं नाही. तिकीट १०० धरा. त्यातले कर, विक्रीचं कमिशन आणि माणशी सफाई असे २० गेले, तर ८० हातात उरतात. एका प्रयोगाचा ठरीव खर्च (वीज, तंत्रज्ञ, कलाकारांचं मानधन) ४,८०० असेल तर ६० तिकिटांत तो निघतो. दर प्रयोगाला ७० माणसं नियमित येत असतील तर प्रयोग लावा, पण आठवड्यातून दोनच. दोन प्रयोगांची तीच १४० माणसं चार प्रयोगांत विभागली तर प्रत्येकी ३५ च उरतात आणि चारही प्रयोग तोट्यात जातात. प्रेक्षक कमी असताना खेळ वाढवणं ही नेहमीची घोडचूक आहे.

पहिल्या प्रयोगाआधी रंगमंचाच्या डोक्यावर पाहा. पडद्यांचे सुती किंवा तागाचे दोर दमट हवेत आतून कुजतात आणि बाहेरून ठाकठीक दिसतात. शंका असलेला दोर वजन लावून तपासत बसू नका, बदलून टाका. दिव्यांवरची धूळ पहिल्यांदा तापली की धूर होतो आणि धूरसूचक वाजतात, म्हणून दिवे थंड असतानाच पुसा. हॅलोजन बल्बच्या काचेला उघडं बोट लावू नका, तेलकट डाग पडलेल्या जागी काच तडकते. पडदे पाण्यानं धुतले असतील तर त्यांवरचा अग्निरोधक लेपही बहुधा धुऊन गेला आहे. शिवणीतला छोटा तुकडा कापून मोकळ्या जागेत १२ सेकंद ज्योतीवर धरा. ज्योत काढल्यावर तो दोनेक सेकंदांत विझला नाही तर लेप पुन्हा द्यावा लागेल. कॉर्डलेस माइकमध्ये सेल गळले असतील तर कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हिनेगर घेऊन टोकं पुसा.

हवेसाठी कार्बन डायऑक्साइडचा मीटर ठेवा. बाहेरच्या हवेत तो ४२० ते ४५० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) दाखवतो. प्रयोगात १,००० च्या वर गेला तर मध्यंतर लवकर घ्या आणि दारं उघडा.

हस्तकलेच्या दुकानातला माल पडून आहे. चामड्यावर बुरशी आली आहे, चांदी काळवंडली आहे. सवलतीत काढून टाकू का?

चामडं दुकानाबाहेर, उघड्यावर नेऊन कोरड्या ब्रशनं झाडा. आत झाडलं तर बुरशीचे कण उरलेल्या मालावर बसतात. मग पाणी आणि रबिंग अल्कोहोल (औषधाच्या दुकानात मिळणारं स्पिरिट) समप्रमाणात घेऊन पिळलेल्या फडक्यानं पुसा (आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर रंग उतरतो का पाहा) आणि सावलीत वाळवा. उन्हात चामडं तडकतं. दुकानात आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर राहिली तर बुरशी परत येणारच. चांदी वर्तमानपत्रात गुंडाळू नका, रबरबँडही नको, कारण रबरातल्या गंधकानं ती काळी पडते. मुद्दाम काळवलेल्या नक्षीला मात्र पॉलिश लावू नका, नक्षीच जाईल.

सवलत डागी मालावरच द्या, तेही डाग दाखवून. चांगल्या मालाचा भाव पाडलात तर पुढच्या खेपेला तुम्ही कारागिराचाही भाव पाडणार, आणि तो आधीच दुसऱ्या कामाला लागलेला असेल. त्याला परत आणायचं तर ‘लागेल तसं सांगतो’ चालणार नाही. छोटी का होईना, लेखी ऑर्डर, निम्मे पैसे आगाऊ, उरलेले माल हातात पडताच.

आमच्या शहरातली उत्सवाची मिरवणूक पूर्वीसारखी निघत नाही. चित्ररथ बनवणाऱ्यांना काय काम देता येईल?

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराचं उदाहरण पाहा. २०२१ मध्ये तिथल्या मार्डी ग्रा या उत्सवाच्या मिरवणुका रद्द झाल्या, तेव्हा लोकांनी हजारो घरंच चित्ररथासारखी सजवली. काहींनी स्वतः सजवली, काहींसाठी वर्गणी काढून चित्ररथाचे कारागीर लावले गेले. मिरवणूक नव्हती, पण कारागिरांच्या हाताला काम मिळालं.

हे करताना घरमालकाशी तीन गोष्टी लिहून ठरवा : सजावट किती दिवस राहील, कोण उतरवेल आणि नंतर ती कोणाची. वाद तिसऱ्यावरून होतात. कागदाच्या लगद्याच्या मूर्ती उघड्यावर ठेवायच्या तर वॉर्निशचे तीन हात द्या. कडा आणि तळ विसरू नका, पाणी तिथूनच शिरतं. मोठ्या सपाट फळ्यांना वाऱ्यासाठी भोकं ठेवा, त्या किमान चार ठिकाणी बांधा आणि घराची दारं मोकळी सोडा. दिव्यांच्या माळेसाठी गळती ओळखून वीज तोडणारा स्विच बसवा आणि रोज संध्याकाळी त्याचं टेस्टचं बटण दाबून पाहा.