रात्रीच्या फीडिंगबद्दल जरा सविस्तर

अगं,

तू विचारलंस की बाळ दर दोन तासांनी उठतंय म्हणजे माझं दूध कमी पडतंय का, तर आधी याचंच उत्तर देते. नाही. तीन आठवड्यांच्या बाळाचं पोट केवढंसं असतं, त्यात आईचं दूध पटकन पचतं, त्यामुळे 24 तासात 8 ते 12 वेळा पाजावं लागणं नॉर्मल आहे आणि त्यातले तीन-चार फीड रात्रीचे असणारच. दूध पुरतंय का हे झोपेवरून ठरवायचंच नाही गं, डायपर आणि वजनावरून ठरवायचं. पहिल्या आठवड्यानंतर दिवसभरात 6 किंवा जास्त वेळा शू होतेय, जन्माच्या वेळचं वजन परत आलंय आणि आता वाढतंय, तर झालं, दूध पुरतंय. तुझ्या बाळाचं दोन्ही ठीक आहे, डॉक्टरांनीही तेच सांगितलंय ना?

त्याला अजून दिवस-रात्र कळतच नाही. झोपेचं हार्मोन, मेलाटोनिन, ते स्वतःचं ठरलेल्या वेळी बनवायला बाळाला दोनतीन महिने लागतात, तोवर ते दिवसाचे 14 ते 17 तास झोपेल पण तुकड्यातुकड्यात. म्हणून "रात्रभर झोपायची सवय लावा" असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून दे, या वयात अशी सवय लागत नसते. तुला एवढंच करता येईल की सकाळी पडदे उघड, दिवसा घरात बोलणं-आवाज चालू दे, आणि रात्री मंद लाइट, कमी बोलणं, डायपर खरंच भरला असेल तरच बदल. आणि रात्रीचं पाजणं बंद करायची घाई अजिबात नको, कारण दूध बनवणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, तेच फीड तुझं दूध टिकवतात.

संध्याकाळी ते तासनतास चिकटून बसतं म्हणालीस. त्याला क्लस्टर फीडिंग म्हणतात, सहाव्या आठवड्याच्या आसपास रडणंही सगळ्यात जास्त असतं आणि मग हळूहळू उतरतं. तेव्हा घरातलं कुणीतरी वरचं दूध सुचवणारच. गरज असेल तर डॉक्टर सांगतील, पण निव्वळ संध्याकाळच्या रडण्यावरून ठरवू नका. आणि रात्री जास्त झोपावं म्हणून बाटलीत काही घट्ट कालवून देणं तर मुळीच नको. पाणीसुद्धा सहा महिने नको.

आता एक गोष्ट नीट बघ. रात्री बाळ कण्हतं, तोंड वेडंवाकडं करतं, हातपाय झटकतं, पापण्या हलतात, कधी अर्धवट डोळेही उघडतात, आणि आपण लगेच उचलतो. पण बऱ्याचदा ते झोपेतच असतं! नवजात बाळाची जवळजवळ अर्धी झोप अशी हलती असते. मिनिटभर थांब, हात लावू नकोस. भूक असेल तर ते मान वळवून शोधायला लागेल, मुठी तोंडाशी नेईल, तेव्हा घे, जोरात रडायची वाट बघू नकोस कारण रडवेलं बाळ नीट पकडतच नाही. आणि पिताना त्याच्या मुठींकडे लक्ष दे, सुरुवातीला घट्ट आवळलेल्या असतात, पोट भरत आलं की बोटं एकेक करून सैल पडतात. वॉर्डात इतकी वर्षं बाळंतिणींना मी हे दाखवत आले, मला अजूनही ते बघायला फार आवडतं.

पण मला खरी काळजी बाळाच्या झोपेची नाही, तुझ्या झोपेची आहे. ती वाटूनच घ्यावी लागते. पाजणं तुझं, पण उचलून आणणं, ढेकर काढणं, डायपर, परत झोपवणं हे सगळं नवऱ्याचं, उद्या ऑफिस असलं तरी. रात्री आठनऊचं फीड झालं की तू सरळ दुसऱ्या खोलीत जाऊन झोप, पुढचं फीड येईपर्यंत बाळ त्याच्याकडे. सलग तीन तास मिळाले तरी डोकं ठिकाणावर येतं. पुढे दूध काढून ठेवायला जमलं तर एक फीड तो बाटलीने देईल.

सोफ्यावर बसून पाजताना डोळा लागणं धोक्याचं आहे, बाळ कुशीत दबतं, श्वास अडकतो. पेंग येत असेल तर उठून नवऱ्याला हाक मार, लाज कसली त्यात. आणि झोपवताना कायम पाठीवर, टणक सपाट गादीवर, उशी-पांघरुणाचा ढीग नको.

बाळाला 38 डिग्री सेल्सिअस किंवा जास्त ताप आला, किंवा ते प्यायलाच उठेना, सुस्त वाटलं, तर सकाळची वाट न बघता डॉक्टर. तुझ्याबद्दलही तेच. बाळंतपणानंतर रडू येणं दोन आठवड्यात ओसरतं, पण तुझं अजून चालू असेल, बाळ झोपलेलं असतानाही झोप लागत नसेल, नको ते विचार येत असतील तर डॉक्टरांना स्पष्ट सांग, त्यावर चांगले उपचार आहेत. सांगायला जड वाटलं तर मला फोन कर, मी बोलते त्यांच्याशी.

हे पत्र नवऱ्यालाही वाचायला दे. आणि आठनऊनंतर दुसऱ्या खोलीत झोपायचं आजपासूनच सुरू करा, उद्यावर ढकलू नका.

तुझी,
ताई