पैसा संवर्धनाला जातो तर ट्रॉफी हंटिंगला विरोध का?

ट्रॉफी हंटिंग म्हणजे मुंडकं-कातडं मिरवायला केलेली शिकार, त्यासाठी शिकारी भरतात त्या पैशाचा मुद्दा वेगळा, आधी ते जनावर मरतं कसं ते बघा. २०१५ मधे झिम्बाब्वेतल्या ह्वांगे नॅशनल पार्कचा सेसिल नावाचा सिंह, गळ्यात संशोधकांची जीपीएस कॉलर, त्याला आमिष दाखवून पार्कच्या हद्दीबाहेर आणला आणि एका अमेरिकन डेंटिस्टने धनुष्यबाण मारला, पण तो लगेच मेला नाही, कित्येक तास जखमी अवस्थेत होता आणि मग परत गाठून मारला. का, तर भिंतीवर मुंडकं लावायचं म्हणून! शिवाय कळपातला मुख्य नर गेला की नवा नर येऊन बरेचदा आधीची पिल्लं मारतो, म्हणजे गोळी एकाला, मरतात चार.

फरसाठी सापळे लावतात ते तर मला अजून वाईट वाटतं. लोखंडी जबड्याचा सापळा, पाय पडला की खटकन मिटतो, मग कोल्हा नाहीतर बीव्हर तिथेच ओढत राहतो, दात तुटतात, काही तर स्वतःचा पाय कुरतडून सुटतात. आणि सापळ्याला काय कळतंय कोण आलंय, पाळलेली कुत्री-मांजरं पण अडकतात. युरोपियन युनियनमधे हे सापळे १९९५ पासून बंद आहेत, अमेरिकेत बऱ्याच राज्यांत अजून चालतात.

लांबचं कशाला, कोकणात रानडुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकतो ना, कमरेला तार रुतलेली, सुटायला जेवढा ओढेल तेवढी ती आवळत जाते.